हिरव्या बाकावर

शालनकाकूंच्या सुनेला दम लागतोय, हे इचलकरंजीच्या त्या घरात फक्त शालनकाकूंना दिसत होतं; आणि नेमकी त्यांनाच ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

ईश्वरीला सातवा महिना लागला होता. माडीवर जाताना ती मधल्याच पायरीवर थांबायची, केस सारखे केल्यासारखं करायची आणि मग पुढं जायची. दुपारी झोपायची ती पाठीशी उशांची चळत लावून, जवळजवळ बसूनच. "पाठ भरून येते, आत्ती," म्हणायची. शालनकाकू मान डोलवायच्या. पाठ दुखणारी बाई आडवी होते, हे त्यांना ठाऊक होतं. बसून झोपतं ते छाती भरलेलं माणूस.

त्यांची थोरली बहीण हिराक्का अशीच झोपायची. तेव्हा गावभागात कापडाचे जुने, धोट्याचे माग होते. दिवसभर असा खडखडाट की बायका एकमेकींशी ओठांच्या हालचालींवर बोलायच्या. एका खोलीत सगळं बिऱ्हाड, एकाला खोकला झाला की सगळ्यांना व्हायचा. हिराक्काचा घसा धरला, मग गुडघे सुजले, मग कोपरं. आईनं एरंडाची पानं शेकून बांधली, सूज उतरली, आणि घरानं सुटकेचा श्वास टाकला. हृदयात काय होऊन बसलं होतं, ते तिच्या पहिल्या बाळंतपणात कळलं. तेव्हा कळून काही उपयोग नव्हता. त्या शेवटच्या महिन्यात धाकटी शालन तिच्या उशाशी असायची, आणि हिराक्का भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून, समोरच्या खुंटीकडं बघत झोप यायची वाट पाहायची.

तोच रोग ईश्वरीला होता.

रोग तसा विचित्र. सुरुवात साध्या घशाच्या जंतूपासून. शरीर त्या जंतूशी लढायला आपले शिपाई पाठवतं. पण त्या जंतूचं अंग आणि आपल्या हृदयाच्या झडपांचं अंग यांत थोडं साम्य आहे. शिपाई फसतात आणि घरच्याच झडपांवर तुटून पडतात. झडपा सुजतात, वण धरतात, कडेला एकमेकींना चिकटतात. घसा चार दिवसांत बरा होतो, पण झडपेवरचा वण राहतो. पुन्हा घसा धरला की पुन्हा हल्ला, पुन्हा नवा वण. म्हणून या रोग्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची जाड, दुखरी सुई घ्यावी लागते, वर्षानुवर्षं. जंतू घशात रुजताच कामा नये, एवढंच त्या सुईचं काम.

त्यांच्या मुलानं, राजवर्धननं, ईश्वरीशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा शालनकाकूंनी चक्क नाही म्हणून सांगितलं होतं. "मुलगी सोन्यासारखी आहे. पण मी एक बघितलीय तशी जाताना. दुसरी नाही बघणार," असं त्या ईश्वरीच्या आईवडिलांसमोर बोलल्या होत्या. वडील हयात नसलेल्या, उशिरा झालेल्या एकुलत्या एका पोरानं तेव्हा आईशी महिनाभर अबोला धरला होता.

ती कोंडी फोडली मण्यानं.

मणी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र. नाक टोचावं तसं गळ्याच्या हाडाखाली टोचून बसवायचं. दांडी कातडीच्या आत, चकाकती टोपी बाहेर. शरीरात कुठंही दाह सुरू झाला की एक निरोप रक्तातून यकृताकडं जातो, आणि यकृत एक खास प्रथिन रक्तात सोडतं. पूर्वी ते मोजायला रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावं लागे. मणी ते सतत मोजायचा. शिवाय हृदयाचा पंप किती जोरानं रक्त ढकलतो तेही ऐकायचा. आणि प्रथिन वाढू लागलं की स्वतःच औषधाचा सूक्ष्म थेंब सोडून दाहाचा निरोप वाटेतच अडवायचा. आग लागल्याचं कळायच्या आत आग विझवणारा, असं त्याचं कौतुक होतं. दोन्ही मोजमापं ठीक असली की घरातला दिवा हिरवा, गडबड वाटली की पिवळा, धोका असला की लाल.

"आई, आता हिराक्का मावशीचा काळ राहिला नाही," वर्धन म्हणाला होता, आणि शालनकाकूंनी होकार दिला होता.

दिवा स्वयंपाकघराच्या दारावर बसला. चार वर्षं तो हिरवाच होता. सुरुवातीला शालनकाकू सकाळी उठल्या की आधी त्याच्याकडं बघायच्या, मग देवाकडं. पुढं पुढं सगळ्या घराचीच तशी रीत पडली. "कसं वाटतंय गं?" हा प्रश्न घरातून निघूनच गेला. विचारायचं कशाला, वर बघितलं की झालं.

त्यांच्या घरात हे जरा जास्तच सहज झालं, आणि त्याला कारण धंदा. वर्धनच्या कारखान्यात नवे, हवेवर चालणारे माग होते. प्रत्येक मागाच्या डोक्यावर रंगीत दिवा. एक कामगार मागांची अख्खी ओळ बघायचा, आणि त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं: हिरव्या मागाकडं जायचं नाही, थांबायचं नाही, वेळ घालवायचा नाही. दिवा बदलला तरच पाय उचलायचा. शालनकाकूंचे यजमान जुन्या मागांमधून फिरताना चालू कापडावरून तळहात फिरवत जायचे. माग ठणठणीत चालत असला तरी. वर्धन त्यावर हसायचा. "आबा कापडाला कुरवाळत बसायचे," म्हणायचा.

आणि आता दिवा हिरवा होता, आणि सून बसून झोपत होती.

एकदा शालनकाकूंनी विषय काढून बघितला. वर्धन जेवत होता.

"वर्धन, तिला जरा कोल्हापूरला दाखवून आणू या का? दम लागतोय तिला."

त्यानं घास हातात तसाच धरून दिव्याकडं बघितलं. "हिरवं आहे की, आई."

"दिव्याचं राहू दे. तिचं बोलतेय मी."

"सातव्या महिन्यात कुणाला दम लागत नाही? तूच म्हणायचीस ना, माझ्या वेळी तुला जिना चढवत नव्हता?" मग ईश्वरीकडं वळून म्हणाला, "तुला काय होतंय का गं?"

ईश्वरीनं सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, शेवटी दिव्याकडं बघितलं. "नाही ओ. हिरवंच आहे की," म्हणाली.

मागं आवराआवर करताना वर्धन आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तू तिच्यात सारखी मावशी शोधतेस. तिला कळतं ते. एवढ्यासाठी तरी गप्प बस."

शालनकाकू गप्प बसल्या. पहिल्यापासून नको म्हटलेल्या सासूनं सून आजारी आहे म्हणायचं, म्हणजे वाईट चिंतल्यासारखंच दिसणार.

वर्धन मागाच्या सुट्या भागांसाठी सुरतेला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी चहाचा कप घेऊन ओट्याशी उभी होती. खोकली. रुमाल तोंडाला लावला आणि झटकन मुठीत लपवला. शालनकाकूंनी तिची मूठ धरून उघडली. रुमालावर गुलाबी फेस होता.

दारावर हिरवा दिवा शांत जळत होता.

"चप्पल घाल," शालनकाकू म्हणाल्या.

"आत्ती, ह्यांना विचारून..."

"त्याला वाटेत सांगू. चप्पल घाल."

कोल्हापूरच्या त्या मोठ्या हृदयाच्या इस्पितळात शालनकाकू बऱ्याच वर्षांनी गेल्या. पूर्वी केसपेपर काढायच्या खिडकीशी रेटारेटी असायची, आणि आतून एखादी दांडगी नर्स ओरडायची, "ही बाई निळी पडलीय, हिला आधी घ्या!" आता रेटारेटी नव्हती. काचेच्या दारातून आत जाताच दारानंच ईश्वरीचा मणी वाचला. भिंतीवर तिचं नाव आलं, पुढं हिरवा ठिपका.

दालनात तीन रंगांचे बाक होते. लाल बाकावर कुणी टेकायच्या आत चाकाची खुर्ची यायची. पिवळ्यांना थोडं थांबावं लागे. हिरवा बाक लांबलचक होता, भरलेला होता, आणि त्यावरची माणसं फोन बघत, दाणे खात निवांत बसली होती.

गणवेशातल्या एका पोरगेल्या कर्मचाऱ्यानं त्यांना तिकडं वळवलं.

"बाळा, हिला श्वास घेता येत नाहीये," शालनकाकू म्हणाल्या.

"काकू, हिरवं हाय की. बसा निवांत. हिरव्याला घाई नसते."

"अरे, तिच्याकडं बघ तरी!"

पोरानं मान वर करून भिंतीवरच्या पडद्याकडं बघितलं. "बघितलं की," म्हणाला, आणि निघून गेला.

ईश्वरी बाकाच्या कडेला दोन्ही हात टेकून, पुढं वाकून बसली. तिच्या छातीतून ओल्या वाळूवर पाय पडावा तसा आवाज येत होता. शालनकाकूंनी वर्धनला फोन लावला.

"कुठं नेलंयस तिला?" तो पलीकडून ओरडला. "आई, मी आत्ता फोनवर बघतोय. दाह नाही, पंप उत्तम. सगळं हिरवं आहे! एवढा प्रवास घडवलास तिला या दिवसांत?"

"वर्धन, माझं ऐक..."

"तुला ती कधीच नको होती," तो म्हणाला. फोन बंद झाला.

शालनकाकू फोन हातात धरून बसल्या. पिवळ्या बाकावरची माणसं एकेक करून आत जात होती. तेवढ्यात दारातून हुबळीकडची एक म्हातारी आली, लेकाचा हात धरून. दारानं तिला वाचायचा प्रयत्न केला. भिंतीवर काही उमटलंच नाही. तिच्या अंगावर मणी नव्हता. मघाचाच पोरगा धावत आला आणि तिला कोपऱ्यातल्या एका साध्या दाराकडं घेऊन गेला. दार उघडलं तेव्हा आत पांढऱ्या कोटातली एक बाई दिसली, गळ्यात स्टेथोस्कोप. तिनं म्हातारीला खुर्चीत बसवलं आणि आधी तिच्या तोंडाकडं बघितलं.

शालनकाकूंच्या ध्यानात आलं. ज्याच्याबद्दल यंत्राला काही सांगता येत नव्हतं, त्यालाच इथं माणूस तपासत होतं.

त्या सुनेजवळ सरकल्या. "ईश्वरी, मणी काढायचा का?"

ईश्वरीनं डोळे वर केले. मण्याची टोपी अर्धा आटा फिरवली की तो सुटायचा, हे बसवताना सगळ्यांना सांगितलेलं होतं; आणि एकदा काढला की तो निकामी, दिवस गेलेले असले तर नवा बाळंतपणानंतरच बसेल, हेही. म्हणजे इथून पुढं दाहावरचं औषध बंद.

"काढला आणि... वाईट झालं तर?" ईश्वरीला एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं.

"तर ते माझ्या हातून झालं म्हणतील."

 ईश्वरीनं पदर बाजूला केला. "काढा, आत्ती. मला... बुडाल्यासारखं होतंय. कितीतरी दिवस. कुणाला... सांगणार?"

शालनकाकूंनी टोपी फिरवली. रक्ताचा एक थेंब आला. भिंतीवरचं ईश्वरीचं नाव विझलं.

कोपऱ्यातल्या दारामागच्या डॉक्टरचं नाव तहसीन मुल्ला. त्यांनी ईश्वरीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि ताडकन उठून हाका मारल्या. धावपळ सुरू झाली. प्राणवायूचा मुखवटा, सुया, चाकाचा पलंग. पलंगाबरोबर चालता चालताच त्या विचारत होत्या.

"पेनिसिलिनची सुई चालू आहे ना, मावशी?"

"आहे की. दर तीन आठवड्यांनी पोरगा घेऊन जातो तिला."

मुखवट्याआडून ईश्वरीनं मान हलवली. डॉक्टरांनी तो क्षणभर उचलला.

"बंद आहे... वर्षभर," ईश्वरी म्हणाली. "मला फार दुखायचं... ह्यांना बघवायचं नाही. मणी आहे म्हटले... मग कशाला. आम्ही... नदीवर जाऊन बसायचो. तुम्हाला... सुई घेतली वाटावं म्हणून." तिनं सासूकडं बघितलं. "रागावू नका."

पलंग आत गेला, दार मिटलं.

दुपारी डॉक्टर मुल्ला बाहेर आल्या, शालनकाकूंशेजारी बसल्या आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडलीय. ती जगेल असं वाटतंय. अजून श्वासाच्या नळीवर आहे, दोन दिवस बोलता यायचं नाही." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "बाळ नाही वाचवता आलं. मुलगी होती."

शालनकाकूंनी पदराची कड मुठीत घट्ट धरली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तो हिरवा कसा काय राहिला?"

"मणी खोटं बोलला नाही, मावशी. मध्यंतरी घरात कुणाचा घसा धरला होता?"

"चौंडेश्वरीच्या जत्रेनंतर सगळ्यांचाच. मिठाच्या गुळण्या करत होतो सगळे."

"हिचाही धरला असणार. सुई नसल्यानं जंतू रुजला, झडपेवर हल्ला झाला. पण मण्याचं औषध निरोप वाटेतच अडवत होतं. यकृतापर्यंत बातमी गेली नाही, प्रथिन वाढलं नाही, ताप आला नाही. जो निरोप मोजायचा, तोच मणी गिळत होता. दाह मात्र दुसऱ्या वाटांनी चालूच राहिला. आणि पंपाचं म्हणाल तर हिचा पंप चांगलाच आहे. चिकटलेली झडप पंपाच्या अलीकडं. गरोदरपणात रक्त वाढलं, त्याला पुढं जायला वाट नाही, ते मागं फुफ्फुसात तुंबलं. विहिरीवरची मोटर ठणठणीत, आणि पाइप गाळानं भरलेला, असं समजा. मोटर तपासून काय कळणार?" त्यांनी श्वास सोडला. "गेल्या काही महिन्यांतली ही पहिलीच नाही. वरती लिहून लिहून थकले मी. हिरव्या बाकावर माणूस मेलं तर ते अचानक गेलं म्हणतात."

मग डॉक्टरांनीच विचारलं, "मुलगा येतोय ना? त्याला मी सांगू का सगळं?"

"सुईचंही?"

"सुईचंही."

"नको," शालनकाकू घाईनं म्हणाल्या. "ते तेवढं राहू दे. मी मणी काढला म्हणून झालं, असं वाटू दे त्याला. माझं काय, मी सोसेन. पोरगं मोडून पडेल."

डॉक्टर मुल्लांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. त्यांना आतून हाक आली.

वर्धन दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. काचेतून त्यानं ईश्वरीला बघितलं, नळ्यांमधली. मग शेजारच्या खोलीत नेऊन नर्सनं त्याला ते छोटंसं गाठोडं दाखवलं. तो बाहेर आला आणि आईसमोर उभा राहिला.

"तू मणी काढलास."

"हो."

"तोपर्यंत सगळं चांगलं होतं. मी रात्रभर तेच बघतोय फोनवर. महिनोन् महिने हिरवं. शेवटच्या घटकेपर्यंत हिरवं. तू हात लावलास आणि..." त्यानं फोन आईपुढं धरला. "काय मिळालं तुला? खरं करून दाखवलंस ना तुझं?"

शालनकाकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. हेच ऐकायची त्यांनी तयारी करून ठेवली होती. पोरगं शिव्या देईल, रडेल, कदाचित वेगळं राहील. चालेल. मनात त्यांनी ते सगळं आधीच पत्करलं होतं.

वर्धननं डोळे पुसले. "कंपनीशी बोललोय मी. ती शुद्धीवर आली की लगेच नवा बसवतायत, थांबायची गरज नाही म्हणाले. नवीन प्रकारचा आहे, औषध जास्त जोरकस. आता तो निघतसुद्धा नाही हातानं. आणि तू तिच्या जवळ जायचं नाहीस."

शालनकाकूंनी मान वर केली.

समोर त्यांचा पोरगा उभा होता. बायकोला दुखतं म्हणून तिला सुईऐवजी नदीवर नेणारा. तो आता पुन्हा तितक्याच मायेनं तिच्यासाठी धावपळ करणार होता. नवा दिवा दारावर बसवणार होता, आणि तो हिरवा असेल तोवर सुखानं जेवणार होता.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

"मला नाही बसायचं."

"वर्धन, बस. तुझी मुलगी मणी काढल्यानं गेली नाही."

तो उभाच राहिला. त्यांनी मग उभ्या पोराला सगळं सांगितलं. घसा, झडप, अडवलेला निरोप, फुफ्फुसात तुंबलेलं रक्त. डॉक्टरांनी सांगितलं तसं, त्याच क्रमानं, आवाज न चढवता. सुईपाशी आल्यावर त्या थांबल्या. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना दिसलं की पुढचं त्याला आधीच कळलंय, आणि आपण ते बोलू नये म्हणून तो नजरेनं विनवतोय. लहानपणी मार पडायच्या आधी बघायचा, अगदी तसा.

"ती सुई तू बंद केलीस," त्या म्हणाल्या. "चुकलं ते तिथं."

वर्धन भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला.  बाजूनं माणसं ये-जा करत होती. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं घेतली नाही.

"हे मला का सांगितलंस?" शेवटी तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता. "तुझ्यावर राग धरून मला जगता आलं असतं."

"तुला आलं असतं रे," शालनकाकू म्हणाल्या. "तिला आलं नसतं."

तो उठला. आईकडं न बघता जिन्यानं खाली निघून गेला.  शालनकाकूंना वाटलं, धावत जावं, धरावं, छातीशी घ्यावं. त्या अर्ध्या उठल्याही.

"ईश्वरी सातपुतेंचं कोण आहे?" दारातून नर्सनं विचारलं. "डोळे उघडलेत त्यांनी. पेनिसिलिनची सुई द्यायचीय, हात धरायला कुणीतरी हवंय."

शालनकाकूंनी एकदा रिकाम्या जिन्याकडं बघितलं.

"मी आहे," म्हणाल्या, आणि आत गेल्या.